धुरी मावशींच्या एक्केचाळीस अटी

"तिला काय विचारायचं? ती आपल्या घरचीच."

मी दाराबाहेर चपला काढत होते. आतून देसाई काकांचा आवाज आला, आणि 'ती' म्हणजे मी, हे कळायला मला वेळ लागला नाही. प्रतिष्ठानाच्या कामात मी चार वर्षं होते आणि तेवढ्या काळात माझ्याबद्दल जे काही बोललं गेलं, ते साधारण असंच. ती आहे ना, ती करेल. ती काही बोलणार नाही.

"घरची म्हणून गृहीत धरायची?" हा धुरी मावशींचा आवाज. "तिचा नंबर लागला की विचारणार. बाकीच्या सहा जणांना विचारलं तसंच."

"अहो, पण उद्या शेवटचा दिवस आहे."

"ठाऊक आहे मला."

एक चप्पल पायातच ठेवून मी उभी राहिले. जिन्याच्या खालच्या पायरीवर सानिकाची आई बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलीच्या ॲडमिशनचे कागद. तिनेही ते सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून ती ओशाळं हसली, जणू उशीर तिच्यामुळेच होत होता. त्या क्षणी मला धुरी मावशींचा इतका राग आला, की आत जाऊन त्या ठेवींच्या पावत्या त्यांच्या हातातून ओढून घ्याव्यात असं वाटलं. अर्थात मी दुसरी चप्पल काढली आणि गुपचूप आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. तो राग अजून पुरता गेलेला नाही. कदाचित म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

सुनंदा धुरी आमच्या प्रतिष्ठानाच्या खजिनदार होत्या. प्रतिष्ठानाचं पूर्ण नाव फार लांबलचक आहे आणि ते पावतीपुस्तकाबाहेर कुणी उच्चारत नाही. चारकोपला सेक्टरमधल्या खोल्या मिळाल्या तेव्हा गिरणगावातून उठून आलेल्या कोकणातल्या माणसांनी ते सुरू केलं. माझे आजोबा त्यांतलेच. दहा-बारा घरांत मिळून एक कल्पना निघाली. घरातलं कुणी गेलं, की त्याच्या नावाने पाच हजार रुपये बँकेत ठेवायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. वर्षाचं व्याज येईल ते सेक्टरमधल्या एखाद्या मुलाला बक्षीस म्हणून द्यायचं. बक्षिसाच्या दिवशी गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने वाचायचं आणि पाकीट त्याच्या घरच्यांच्या हातून द्यायचं. बस, एवढंच प्रतिष्ठान.

त्या काळी ठेवीला बारा-तेरा टक्के मिळायचे. पाच हजारांचे सहाशे यायचे, आणि सहाशेत वर्षाची पुस्तकं, वह्या आणि शाळेचे बूट एवढं निघायचं. मग दर उतरत गेले. आज त्याच पाच हजारांचे सव्वातीनशे, फार तर पावणेचारशे येतात. त्यात धड दोन गाइडं येत नाहीत. प्रतिष्ठान मात्र जिथल्या तिथे राहिलं. एक्केचाळीस ठेवी, एक्केचाळीस पावत्या, एक्केचाळीस पाकिटं.

आणि एक्केचाळीस अटी. प्रत्येक देणगीदाराने आपली अट घातली होती. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला. वडील बसवर कंडक्टर असलेल्या मुलाला. एकाची अट होती की बक्षीस दहावीला पहिल्यांदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला पास झालेल्या मुलालाच द्यावं. ते गृहस्थ स्वतः तीनदा बसले होते म्हणे. मनोरीच्या हिराबाई आमच्या सेक्टरात मासे विकायला येत. त्यांनी आपल्या आईच्या नावाने पैसे ठेवले आणि सांगितलं, डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईच्या, मराठी शाळेत जाणाऱ्या मुलीला.

या अटी मावशींनी ज्याच्या त्याच्याकडून लिहून घेतलेल्या होत्या आणि त्या त्यांना तोंडपाठ होत्या. ठेव क्रमांक सांगा, नाव आणि अट ऐका. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. कानाला हेडफोन लावून अख्ख्या मुंबईची कुडाळशी, रत्नागिरीशी, नागपूरशी गाठ घालून द्यायची, हे काम. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. निवृत्त झाल्या त्याच वर्षी प्रतिष्ठानात आल्या. सोसायटीच्या ऑफिसात एक लँडलाइन होता, तो त्यांनी कधी काढू दिला नाही. फोन वाजला की हॅलो नाही. "बोला, प्रतिष्ठान." समोरचा अडखळला की, "लाईनवर राहा." हे त्या समोरासमोर बसलेल्या माणसालाही म्हणायच्या. बँकेच्या मॅनेजरला एकदा म्हणाल्या होत्या, आणि तो खरंच हातातला मोबाईल ठेवून गप्प बसला.

उंची जेमतेम पाच फूट. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पर्समध्ये आल्याची वडी. आवाज मात्र असा, की मागच्या रांगेतला बहिरा म्हातारासुद्धा मान वर करायचा. बक्षिसांच्या दिवशी नावं त्याच वाचायच्या. माईक बंद पडला तरी त्यांना कळायचं नाही.

मी तिथे गेले ती बाबांनी पाठवली म्हणून. बँकेचं सगळं ऑनलाइन झालं होतं आणि कमिटीतल्या कुणालाही ते जमत नव्हतं. मी अंधेरीच्या एका ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सेल शीटमधल्या चुका शोधते, तेव्हा हेही करशील, म्हणाले. पहिल्या रविवारी मावशी आकडे सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. ठेवीचे नंबर त्या सुटे सुटे सांगायच्या, सात-शून्य-दोन-चार, ते ठीक. पण रक्कम आली की, "तीनशे एकोणसत्तर." माझी बोटं थांबायची. एकोणसत्तर म्हणजे साठातला की सत्तरातला, हे मला आजही पटकन कळत नाही. मावशींनी चष्म्यावरून पाहिलं आणि एका कागदावर एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतचे सगळे एकोण लिहून दिले. मला लाज वाटली. कागद अजून माझ्या पाकिटात आहे.

पण आमची ओळख त्याआधीची होती, आणि ती चांगली नव्हती.

मी दहावीला सेक्टरात मुलींमध्ये पहिली आले. एक्क्याण्णव टक्के. माझ्या आजीच्या, जानकी परब हिच्या नावाने आजोबांनी ठेव ठेवली होती, सेक्टरात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी. मी नवा ड्रेस घालून गेले. मग स्टेजवर कळलं की ठेवीची अट मराठी शाळेची आहे, आणि मी इंग्रजी शाळेची. बक्षीस मिळालं ते खालच्या मजल्यावरच्या पल्लवीला, तिला त्र्याहत्तर होते. आणि आजोबा तोवर गेलेले, बाबा कामावर, म्हणून पाकीट द्यायला घरचं माणूस म्हणून मला वर बोलावलं. माझ्याच आजीचं बक्षीस मी माझ्याच हाताने पल्लवीला दिलं. फोटोत मी हसते आहे. खाली उतरल्यावर मावशी जवळून गेल्या. मला वाटलं, काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "अट म्हणजे अट, गो." आणि पुढच्या नावाचं पाकीट घ्यायला गेल्या.

साडेचारशे रुपये होते त्यात. पैशांचं काही नव्हतं. पण पंधराव्या वर्षी असं काही झालं की माणूस आणखी थोडा गप्प होतो.

तर अशा बाईंबरोबर मी चार वर्षं दर रविवारी बसले. पहिल्याच वर्षी मी एक शीट बनवली. पाकिटं, हार, नारळ, सामोसे, हॉलचं भाडं, ऑडिटरची फी एका बाजूला आणि एक्केचाळीस बक्षिसं दुसऱ्या बाजूला. बक्षिसं वाटायचा खर्च बक्षिसांपेक्षा जास्त होता. मी ते बोलून दाखवलं नाही, प्रिंट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. खाली एक ओळ लिहिली होती, सगळ्या ठेवी एकत्र करून वर्षाला दोन मुलांना नीट मदत करता येईल.

त्यांनी कागद पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळं एका टोपात ओतायचं?"

मी मान हलवली.

"मग त्यातला कुणाचा कुठला, ते कसं सांगणार?"

सांगायची गरज काय, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. माणसं गेलेली आहेत. त्यांना काय कळणार आहे? पण मी म्हटलं नाही. त्यांनी कागद घडी घालून फाईलमध्ये लावला, तारखेसह. फेकला नाही, हे खरं. फेकला असता तर निदान भांडता आलं असतं.

मराठी शाळा तर मी यायच्या आधीच बंद पडली होती. आधी पाचवी भरेना, मग आठवी, मग बोर्ड उतरला. सात ठेवींची अट त्या शाळेशी बांधलेली होती, आमचीही त्यातच. मावशी दर जूनमध्ये शाळेला पत्र टाकायच्या, आपल्या शाळेतील प्रथम आलेल्या विद्यार्थिनीचे नाव कळवावे. पत्र परत यायचं. त्या ते न फोडता फाईलला लावायच्या. आठ वर्षं सात ठेवींचं व्याज नुसतं साठत राहिलं आणि समारंभात त्या सात जणांची नावं तेवढी वाचली जायची. नाव वाचायचं, क्षणभर थांबायचं, स्टेजवर कुणीच येत नाही, पुढचं नाव. 

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सोसायटीचं काम घेतलेला बिल्डर स्वतः चालत ऑफिसात आला आणि दोन लाखांचा चेक देऊ केला. देसाई काका, म्हणजे आमचे अध्यक्ष, महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, उभेच राहिले. मी मनातल्या मनात हिशेब मांडायला लागले होते. मावशींनी फॉर्म काढला आणि विचारलं, कुणाच्या नावाने? तो म्हणाला, कुणाच्याही. अट काय? काही नाही हो मॅडम, कशालाही वापरा. मावशींनी पेनाला टोपण लावलं.

"असं चालत नाही आमच्यात."

तो गेल्यावर देसाई काका चिडून म्हणाले की बाई, तुम्ही प्रतिष्ठान चालवताय की बुडवताय. मावशी शांतपणे म्हणाल्या, "पैसे कुठे जातायत याची ज्याला फिकीर नाही, त्याला ते कुठून आले याची तरी असेल का? आणि उद्या तो आपल्याकडे काय मागायला येईल, ते आज सांगा तुम्ही."  सहा महिन्यांनी तो बिल्डर आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी सह्या मागत फिरला, तेव्हा मावशींचं म्हणणं मला थोडं कळलं. तरी दोन लाख ते दोन लाख. मला ते विसरता आले नाहीत, विशेषतः सानिका आली तेव्हा.

सानिका आमच्या सेक्टरातली. वडील रिक्षा चालवायचे, आता पाठीच्या दुखण्याने घरी. आई सकाळी पोळ्या लाटायला जाते आणि संध्याकाळी डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकते. मुलगी पालिकेच्या इंग्रजी शाळेतून शिकली आणि तिला नर्सिंगला नंबर लागला. पहिला हप्ता पन्नास हजार. सरकारी शिष्यवृत्ती नंतर मिळणार होती, आधी भरायचे होते. तिच्या आईने पंधरा दिवस आधी ऑफिसात येऊन हे सांगितलं, आणि सांगताना ती माझ्याकडे बघत होती, कारण मी तरुण दिसत होते.

अडकलेल्या सातही ठेवी मोडल्या आणि साठलेलं व्याज धरलं, तर पन्नास हजारांच्या वर थोडे होत होते. सहा मोडून भागत नव्हतं. सातही हव्या होत्या. मी हे शीटमध्ये दाखवलं, आणि पहिल्यांदाच मावशींनी एका टोपाची गोष्ट काढली नाही. त्या म्हणाल्या, "मोडता येतील. पण ज्याची आहे त्याला विचारून."

प्रतिष्ठानाच्या घटनेतही ते होतं. मुद्दल मोडायचं तर देणगीदाराची, तो नसेल तर वारसाची संमती. ऑडिटरनेही तेच सांगितलं. मी एका मजकुराचा मेसेज तयार केला, सातही घरांना एकदम पाठवू म्हटलं. मावशी म्हणाल्या, मेसेज वाचून माणूस अंगठा दाखवतो, त्याला संमती म्हणत नाहीत. त्या फोन करणार होत्या. आणि ठेवीच्या क्रमाने करणार होत्या. एकाचं हो आल्याशिवाय दुसऱ्याला नाही.

"का पण?" मी विचारलं. इतकं मी क्वचितच विचारते.

"कारण प्रत्येक जण विचारतो, बाकीच्यांनी काय केलं. मग त्याला खरं सांगता आलं पाहिजे."

पंधरा दिवसांत त्यांनी माणसं कशी शोधली ते मी पाहिलं आहे. पत्ता बदललेला, फोन बंद, मुलगा परदेशात. त्या लँडलाइनवर बसायच्या. जुन्या शेजाऱ्याकडून सुनेच्या माहेरी, माहेराहून वसईला, वसईहून कुणा भाचीला. "मी चारकोपहून बोलतेय. आपल्या सासूबाईंच्या बहिणीची ठेव आहे आमच्याकडे." पलीकडे माणूस घाबरायचा, कर्जाबिर्जाचं आहे की काय म्हणून. मग मावशी त्याला गेलेल्या माणसाबद्दल काहीतरी सांगायच्या. त्या भजनाला बसायच्या. त्यांना गोड्या बटाट्याची भाजी आवडायची. पलीकडचा आवाज बदलायचा. एक जण फोनवर रडला. हे सगळं ठीक होतं, पण एका फोनला पाऊण तास लागायचा, आणि सानिकाची आई रोज पोळ्या लाटून आली की दारात डोकावून जायची. झालं का, असं ती विचारायची नाही. मीच विचारायचे, मनातल्या मनात, दर पाच मिनिटांनी.

पाच जणांचं हो येईपर्यंत बुधवार उजाडला. फी भरायची मुदत शुक्रवारी चारपर्यंत. सहाव्या हिराबाई. त्यांना फोनवर ऐकू येत नव्हतं. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही दोघी मार्व्याच्या जेट्टीवरून बोटीने मनोरीला गेलो. बोटीत मावशी पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आमचं घर तर ऑफिसच्या समोरच आहे, आमची सही आधी घेऊन टाकू या का. "आमचं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "ती तुझ्या आजोबांची आहे. शेवटची आहे. नंबर आला की बघू."

हिराबाई ओट्यावर बसल्या होत्या. मावशींनी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. शाळा बंद पडली, पैसे पडून आहेत, एक मुलगी आहे, तिची आई तुझ्या आईसारखी पाटी घेऊन फिरते. म्हातारी सगळं ऐकत होती. मुलीला द्यायला तिची काहीच हरकत नव्हती. अंगठ्याला शाईसुद्धा लावून घेतली. मग थांबली.

"मंग माझे आयचा नाव कोन घेनार?"

नियम असा होता की चालू ठेवींचीच नावं वाचायची. ठेव मोडली की नाव यादीतून गेलं. मावशींनी तो नियम स्वतः कधीतरी लिहिला होता.  त्या हातातल्या कागदावरची अट पुन्हा वाचायला लागल्या. हिराबाईंनी वाट पाहिली, आणि मग शाई वाळायच्या आत अंगठा टेकवला.  परतीच्या बोटीत मी मनात चिडचिड करत होते. नाव वाचून काय होतं? वर्षातून एकदा, अर्धा मिनिट, सामोसे खाणाऱ्या माणसांपुढे.

आणि मग गुरुवार. साडेसहाची मीटिंग. मी आत जाऊन कोपऱ्यात बसले होते, सानिकाची आई पायरीवर. देसाई काका घड्याळ बघत होते. सकाळी बँक उघडताच पावत्या मोडायच्या आणि चारच्या आत पैसे पोचवायचे. फक्त आमची ठेव राहिली होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हा वारस म्हणून मीच. मी पेन काढून बसले होते. कागद पुढे आला की सही करायची, झालं.

मावशींनी कागद पुढे केला नाही. त्यांनी लँडलाइनचा रिसीव्हर उचलला आणि नंबर लावला. माझ्या हातातला मोबाईल वाजला.

देसाई काकांनी कपाळाला हात लावला. आमच्यामध्ये चार फुटांचं टेबल होतं. मी फोन घेतला, दुसरं काय करणार?

"नमस्कार. मी प्रतिष्ठानातून सुनंदा धुरी बोलतेय. श्रुती सुरेश परब आहेत का?"

"आहे," मी म्हटलं.

"ठेव क्रमांक अडतीस. जानकी विठोबा परब यांच्या स्मरणार्थ. देणगीदार विठोबा परब. वारस क्रमांक दोन आपण."

आपण. त्या मला एरवी 'काय गो' म्हणायच्या. बोलता बोलता त्यांनी मूळ फॉर्म टेबलावरून माझ्याकडे सरकवला. तो मी कधीच पाहिला नव्हता. आजोबांचं अक्षर मोठं आणि वाकडं, त्यांना लिहायची सवय नव्हती. अटीच्या रकान्यात: मराठी शाळेत शिकून सेक्टरात पहिल्या येणाऱ्या मुलीस. खाली वारस. एक, सुरेश, मुलगा. दोन, श्रुती, नात, वय चार.

मावशींनी रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुला शाळेत घालायचं होतं. समोरच्या मराठी शाळेतच जाणार, हे ते धरून चालले होते. ही पहिली येणार, म्हणाले, आजीचं बक्षीस हिलाच मिळणार. तुझ्यासाठीच घातली होती ती अट."

आणि हात काढला.

मी त्या अटीवर बारा वर्षं रागावले होते. त्यांनी बारा वर्षं हे सांगितलं नव्हतं. का नव्हतं सांगितलं? स्टेजवरून उतरताना एक वाक्य बोलल्या असत्या तर? मला आत्ताही त्याचं उत्तर सापडत नाही. कदाचित ते देणगीदाराचं खासगी बोलणं होतं, आणि ऑपरेटर लाईनवरचं बोलणं दुसऱ्याला सांगत नाही. कदाचित त्यांना सुचलंच नसेल.

"सदर ठेव मोडून रक्कम कुमारी सानिका हिच्या फीसाठी द्यायला आपली संमती आहे का?"

हो म्हणायचं होतं. पंधरा दिवस मी याच एका शब्दासाठी सगळ्यांवर चिडत होते. पण ठेव मोडली की अडतीस नंबर यादीतून जाणार होता. आजीचा फोटो आमच्याकडे एकच आहे, तोही लग्नातल्या घोळक्यातला. तिचं नाव घरात कुणी घेत नाही, आई तिला 'त्या' म्हणते. जगात एकच जागा होती जिथे वर्षातून एकदा तिचं पूर्ण नाव मोठ्याने उच्चारलं जायचं, आणि मी त्याला नुसतं अर्धा मिनिट म्हटलं होतं.

"अगं श्रुती, हो म्हणून टाक ना," देसाई काका म्हणाले. "उगाच कशाला."

दारात सानिकाची आई येऊन उभी राहिली होती, पिशवी छातीशी धरून.

मी काहीतरी पुटपुटले.

मावशींनी चेहरा हलवला नाही. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. नजर समोरच्या भिंतीवर, रिसीव्हर कानाला, पाठ ताठ. एकतीस वर्षं त्या अशाच बसल्या असतील, दोन टोकांची माणसं बोलेपर्यंत. पुढच्या आठवड्यात त्या बहिणीकडे कुडाळला गेल्या आणि परत आल्या नाहीत, त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या अशाच.

"लाईनवर आहात ना?" त्या म्हणाल्या. "मोठ्याने बोला. इकडे ऐकू येत नाही."

मी उभी राहिले. फोन कानालाच होता. माझा आवाज एकदम त्या खोलीत आणि रिसीव्हरमध्ये, दोन्हीकडून मला ऐकू आला.

"मोडा. पण माझी एक अट आहे. नावं यादीतून काढायची नाहीत, हिराबाईंच्या आईचंसुद्धा नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचायची. तुम्हाला जमणार नाही त्या वर्षी मी वाचीन."